४,२१८ किडे

सागरी जीवशास्त्रात एम.एस्सी. केलंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. डॉल्फिन किती पाहिलेस? सात पाहिले. तेही दोना पावलाच्या जेटीवर उभी राहून, लांबून. पाठीवरचं कुबड वर आलं आणि गेलं, एवढंच. देवमासा? मेलेलासुद्धा नाही. किडे किती पाहिलेस, हे मात्र कोणी विचारत नाही. त्याचं उत्तर मला तोंडपाठ आहे. चार हजार दोनशे अठरा. त्यातला एकेक मी चिमट्याने उचललाय आणि वहीत रेघ ओढून मोजलाय.

ते किडे मोजायला मी मालवणहून गोव्याला गेले होते.

घरात समुद्र आधीपासून होताच. बाबा रापणीतले, म्हणजे काठावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यातले, वाटेकरी, आई बाजारात मासे विकते. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. डॉक्टरकीच्या जवळपासचं काहीतरी असेल, असा घरात समज होता. पण त्यापुढे आणखी दोन वर्षं समुद्रातलेच प्राणी शिकायचे, त्यासाठी गोवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायची आणि ताळगावच्या पठारावर हॉस्टेलला राहायचं, हे ऐकून आईचा आडाळ्यावरचा (विळीवरचा) हात थांबला. "माशे वळखूक तुका कॉलेज कित्या होयां?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आतून तेच वाटत होतं. वर्गात नागपूर-कोल्हापूरची मुलं असणार, त्यांना बांगडा आणि तारली यांतला फरक कळेपर्यंत दिवाळी येईल, तोवर आपण कुठच्या कुठे.

पहिलं प्रॅक्टिकल तिसऱ्या दिवशी. प्रत्येकापुढे एक ट्रे, ट्रेमध्ये बर्फावर ठेवलेले मासे आणि कोळंबी. ओळखा आणि लिहा. मी दोन मिनिटांत लिहून मोकळी झाले. बांगडा, पेडवा, मुडदुशी, लेप, सुंगटं. शेजारचा नागपूरकर अजून पहिल्याच माशाचे पर मोजत होता. मला त्याची कीव आली. माझा कागद परत आला तेव्हा त्यावर मॅडमनी लाल शाईत दोन प्रश्न लिहिले होते. "कुठला लेप?" आणि त्याखाली, "सुंगटं किती प्रकारची?"

कुठला म्हणजे? लेप म्हणजे लेप. चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला, रवा लावून तळायचा. मॅडमनी भिंगाखाली तो माझ्यापुढे धरला. डोळ्यांच्या बाजूला अंगावरून जाणाऱ्या रेषा दोन आहेत की तीन? दोन रेषांच्या मधे खवल्यांच्या ओळी किती? एवढ्या दोन प्रश्नांवर आमच्या एका लेपाचे पुढे कितीतरी लेप झाले. सुंगटांचं तर विचारूच नका. ट्रेमध्ये आठ होती आणि मी सगळी एका शब्दात बसवली होती. डोक्यावर करवतीसारखा जो काटा असतो, त्याच्या खालच्या कडेवरून नख फिरवायचं. दात लागले तर पीनिअस, म्हणजे पांढऱ्या कोळंबीचं आणि वाघ्या कोळंबीचं घराणं. कड गुळगुळीत लागली तर घराणं वेगळं, आमच्याकडे बहुतेक वेळा मेटापीनिअस. मग वरच्या कडेचे दात मोजायचे, मग नर की मादी ते बघायचं, मग मादीच्या पोटाखालची पट्टी भिंगाखाली धरायची. आठ सुंगटांत चार जाती निघाल्या. लहानपणापासून किती टोपल्या सोललेल्या मी, आणि सोलताना पहिली मोडायची ती नेमकी ती करवतच.

त्या रात्री मेसमध्ये बांगड्याचं हुमण होतं. मी ताटातला बांगडा खायच्या आधी उलटा-पालटा करून बघितला. पाठीवर दुसऱ्या पराच्या मागे शेपटीपर्यंत बारीक बारीक परांची ओळ असते. पाच. खालच्या बाजूलाही पाच. हजारो बांगडे साफ केलेल्या हातांना हा आकडा माहीत नव्हता. याच बांगड्याच्या शास्त्रीय नावातलं 'कानागुर्ता' हे लॅटिन असेल असं मी धरून चालले होते. ते निघालं विशाखापट्टणमच्या कोळ्यांचं. तिथल्या माशांची चित्रं पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टरने १८०३ साली छापली, त्यात हे तेलुगू नाव होतं, आणि पॅरिसमध्ये बसलेल्या क्युव्हिए या प्राणिशास्त्रज्ञाने ते उचललं. तेलुगू कोळणीचा शब्द जगभरच्या पुस्तकांत गेला आणि आमचा 'बांगडो' राहिला मागे, याचं मला दोन दिवस वाईट वाटत होतं.

सप्टेंबरच्या शेवटी पहिल्यांदा बोटीवर गेलो. इथे एक कबुली द्यायला हवी. मासेमाऱ्याच्या घरात वाढूनही मी तोवर किल्ल्याच्या फेरीपलीकडे बोटीने गेले नव्हते. रापण काठावरून ओढतात, आणि आमच्याकडे बायका होडीवर जात नाहीत. माशाशी बायकांचा संबंध तो वाळूवर आल्यानंतर. त्यामुळे कांदोळीसमोर ट्रॉलर थांबून हलायला लागला तेव्हा वर्गात सगळ्यात आधी उलटी झाली ती मालवणच्या मुलीला. अॅव्होमिनची गोळी घेतली होती, पण रिकाम्या पोटी. तांडेल हसला नाही. त्याने माझ्या हातात पाव दिला आणि म्हणाला, "बाये, आदीं खा, मागीर ओंक." हा मला त्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला. नागपूरकर पुढे उभा राहून मजेत फोटो काढत होता.

काम सांगायला सोपं होतं. सुमारे २५ मीटर खोलीवरचं, तळाजवळचं पाणी बाटलीत घ्यायचं आणि त्यात प्राणवायू किती विरघळलाय ते बघायचं. पद्धत विंकलरची, शंभर वर्षांहून जुनी. काचेच्या छोट्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, त्यात आधी मँगनीजचं द्रावण, मग आयोडाइडचं अल्कधर्मी द्रावण सोडायचं आणि बूच लावून उलटसुलट करायचं. प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी साका बसतो. वरच्या पाण्याच्या बाटलीत तो व्यवस्थित बसला, चहाच्या चोथ्यासारखा. तळाच्या पाण्याची बाटली मी हलवली आणि साका आला पांढरा. मला वाटलं काहीतरी चुकलं, उलटीच्या नादात एक द्रावण घालायचं राहिलं. दुसरी बाटली. पांढरा. तिसरी बाटली दुसऱ्या मुलीने केली, तीही पांढरी. सरांनी बाटली नाकाशी धरायला सांगितली. कुजक्या अंड्याचा वास.

पुस्तकात हे आम्ही वाचलं होतं, पण पांढरा साका बघितल्याशिवाय ते डोक्यात शिरलं नव्हतं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत खालून थंड, खारट आणि आधीच कमी प्राणवायूचं पाणी वर सरकतं. त्याच्यावर पावसाचं आणि नद्यांचं गोडं, हलकं पाणी पातेल्यावरच्या झाकणासारखं बसतं. वरचा प्राणवायू खाली पोचत नाही, आणि वर वाढलेले सूक्ष्म जीव मरून खाली पडतात, कुजतात, उरलासुरला प्राणवायूही संपवतात. तो संपला की जिवाणू नायट्रेटवर जगतात, तेही संपलं की सल्फेटवर, आणि मग हा वास. गोव्याच्या किनाऱ्यासमोरची ही गोष्ट राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सय्यद वजीह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये मांडली. १९६६ साली सुरू झालेली ती संस्था आमच्या पठाराच्या पायथ्याशी, दोना पावलाला. म्हणजे जगाला सांगण्याजोगी गोष्ट ज्या पाण्यात घडत होती, त्याच पाण्यावर वाकून मी उलटी करत होते.

घरी फोन केला तेव्हा बाबांना मोठ्या उत्साहाने विचारलं, की या दिवसांत तळाला हवा नसते, हे तुम्हा लोकांना ठाऊक असेलच ना? मला कुठल्यातरी जुन्या म्हणीची अपेक्षा होती. बाबा म्हणाले, "आमी काठार. तळाक काय असता तां आमका काय ठावक?"

माझा पुरता फजितवाडा झाला तो डिसेंबरात, हणजुण्याच्या खडकांवर.

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सहाला भरती. अमावास्येला आणि पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्यापुढे सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. हा हिशेब मी वर्गात फळ्यावर करून दाखवला होता आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. फिल्डची वेळ ठरवायची पाळी आली तेव्हा सरांनी विचारलं, भरतीचं कोष्टक बघितलंस का? मी म्हटलं, सर, आमच्याकडे कोष्टक लागत नाही. सर काही बोलले नाहीत. आता वाटतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

अमावास्या होती. सुकती पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. मी पहाटेची निवडली, ऊन लागायच्या आत काम उरकेल म्हणून. पंधरा जणांना चार वाजता उठवलं. टॉर्च, पीव्हीसी पाइपच्या चौकटी, दोरी, वह्या घेऊन अंधारात जांभ्याच्या खडकांवर पोचलो. पाणी उतरलं, थांबलं, आणि थांबलं ते थांबलंच. वरचा पट्टा उघडा पडला, मधला पडला, आणि ज्या खालच्या पट्ट्यासाठी आलो होतो तो गुडघाभर पाण्यात. झुंजुमुंजू होईतो पाणी परत चढायला लागलं. सरांनी खिशातून घडी केलेलं कोष्टक काढलं आणि माझ्या हातात दिलं. दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. चंद्र विषुववृत्ताच्या वर-खाली सरकलेला असतो, त्यामुळे एक सुकती खोल जाते आणि एक उथळ राहते. त्या दिवशी दोहोंत अर्ध्या मीटरहून जास्त फरक होता. गोव्यात उधाणालाही पाणी जेमतेम दोन मीटर चढतं-उतरतं, त्यातला अर्धा मीटर म्हणजे खालचा पट्टा अख्खा गेला. आमचा पाऊणपटीचा हिशेब वेळ सांगतो, खोली सांगत नाही.

संध्याकाळी परत गेलो. चौदाच जण आले. एकाने मला उद्देशून मेसेज केला होता, तो इथे देत नाही. बाबांना हे सांगितलं तर ते थंडपणे म्हणाले, "थंडीत सांजची सुकती मोठी. ह्यां काय सांगूचा लागता?"

संध्याकाळचे खडक मात्र वेगळेच निघाले. सगळ्यात वर, जिथे फक्त शिंतोडे पोचतात, तिथे मिऱ्याएवढ्या गोगलगायी फटींत दाटीवाटीने बसलेल्या. त्याखाली बार्नेकलचा खरखरीत पांढरा पट्टा. होडीच्या बुडाला बसतात ते हेच, बाबा दरवर्षी खरवडून काढतात. मी त्यांना आजवर शिंपल्यांचे भाऊबंद समजत होते, निघाले कुर्ली-कोळंबीचे. पिल्लू असताना पोहतात, मग डोकं खडकाला चिकटवून कायमचं घर बांधतात आणि आयुष्यभर पायांनी पाणी वारून घास तोंडात ढकलतात. २५ सेंटिमीटरच्या चौकटीत मी ६१२ मोजले. चौकट कुठे टाकायची हे आधीच काढलेल्या यादृच्छिक आकड्यांवरून ठरवायचं असतं, नाहीतर हात आपोआप छान दिसणाऱ्या जागी जातो. माझा जात होता, दोनदा. त्याखाली कालवं, टोपीसारख्या बसलेल्या लिंपेट, आणि अगदी खाली, सकाळी जे बुडालेलं होतं तिथे, हिरवट-तपकिरी बटणांची सतरंजी अंथरावी तसे झोअँथिड, प्रवाळांचे मऊ भाऊबंद. एका मुलीने डबक्यातून समुद्रकाकडी उचलून बादलीत टाकली होती, जर्नलसाठी. सरांनी ती होती त्याच डबक्यात परत ठेवायला लावली. २००१ सालापासून भारतातल्या सगळ्या समुद्रकाकड्या वाघाच्या शेजारी, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. कडक प्रवाळही तसेच, समुद्रघोडेही. चित्र काढ, फोटो घे, नेऊ नको. अंधार पडला तेव्हा आमच्या निम्म्या चौकटी मोजायच्या राहिल्या होत्या, आणि त्या पंधरवड्यानंतर पौर्णिमेला कोष्टक बघून मोजल्या.

दुसऱ्या वर्षी डिझर्टेशन. मला मासे हवे होते. मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, पोटात काय सापडतं, असा विषय मी मनाशी ठरवूनही टाकला होता. मॅडमनी विचारलं, एका वर्षात किती मोऱ्या मिळतील, आणि कुठून, आणि कितीला? मग त्यांनी मला चिखल दिला. एका मासेमारी जेटीपासून खाडीच्या मुखाकडे जाणाऱ्या रांगेत सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी तीन वेळा तळाचा चिखल उचलायचा, एकदा नोव्हेंबरात, एकदा फेब्रुवारीत. छत्तीस नमुने. त्यातले प्राणी वेगळे काढा, ओळखा, मोजा.

चिखल उचलायचं यंत्र म्हणजे लोखंडी जबडा. व्हॅन व्हीन ग्रॅब म्हणतात. उघडा जबडा दोरीने सोडायचा, तळाला टेकला की खटका सुटतो, दोरी ओढली की जबडा मिटतो. कधी दातांत शिंपला अडकतो आणि वर येईपर्यंत सगळा चिखल गळून जातो, मग परत सोडा. आमचा ग्रॅब ०.०४ चौरस मीटरचा, म्हणजे मोजलेल्या आकड्याला पंचवीसने गुणलं की एका चौरस मीटरमधले प्राणी मिळतात. चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर ओतून पाण्याने हळूहळू धुवायचा. जोरात धार मारली तर किडे तुटतात आणि अर्धे चाळणीतून खाली जातात. पहिले दोन नमुने मी असेच वाया घालवले आणि परत जाऊन आणले. चाळणीत जे उरेल ते फॉर्मेलिनमध्ये, आणि त्यात चिमूटभर रोज बंगाल. हा रंग जिवंत पेशी होत्या तेवढ्यांना गुलाबी करतो, कचरा कचऱ्याच्या रंगाचाच राहतो. माझी नखंही दोन महिने गुलाबी होती. रूममेटने नेलपॉलिशचा नंबर विचारला.

त्यानंतरची गोष्ट म्हणजे बसणं. निवडणं, हाच शब्द योग्य आहे; आजी तांदूळ निवडायची तसं. पांढऱ्या ट्रेमध्ये चमचाभर गाळ, त्यात पाणी, वर दिवा. गुलाबी दिसेल ते चिमट्याने उचलून अल्कोहोलच्या कुपीत. एका नमुन्याला पाच-सहा तास. फॉर्मेलिन कितीही धुतलं तरी डोळे चुरचुरतातच. पहिल्या आठवड्यात मला झोपेत गुलाबी दोरे दिसायचे. दुसऱ्या आठवड्यात मी एका ट्रेमधून एकही किडा न मिळाल्यामुळे रडले. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी डोळे बदलले. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. आधी नुसते गुलाबी दोरे दिसायचे, आता दिसायला लागलं की या दोऱ्याला बाजूला वल्ह्यांसारखे पाय आहेत, त्याला नाहीत. याच्या डोक्यावर चार डोळे आहेत, त्याला डोकंच सापडत नाही.

बहुतेक किडे पॉलिकीट, गांडुळांचे समुद्रातले चुलत भाऊ. त्यांना ओळखायचं म्हणजे अंगावरचे काटे बघायचे, आणि ते बघायला सूक्ष्मदर्शक. नेरीस घराण्यातला असेल तर त्याचा घसा बाहेर काढावा लागतो. मरताना काहींनी तो स्वतःच हातमोज्यासारखा उलटा करून बाहेर काढलेला असतो, ते देवमाणूस. बाकीच्यांचं डोकं दोन सुयांनी हलकेच दाबायचं, नाहीतर कापून उघडायचं. आत दोन काळे जबडे, आणि भोवती तिळासारखे बारीक दाणे. ते दाणे घशाच्या कुठल्या भागात किती आहेत, यावर जात ठरते. एका किड्याला मी अख्खा सोमवार दिला. मंगळवारी मॅडमनी तो बघितला आणि म्हणाल्या, दाणे बरोबर मोजलेस, पण भाग उलटे धरलेस.

जेटीजवळच्या नमुन्यांत मात्र निवडायला वेळ लागला नाही. काळाकुट्ट, वास मारणारा चिखल, आणि त्यात एकच एक किडा, शेकड्यांनी. बारीक, सुतासारखा, पायबीय काही नाही. कॅपिटेला. कुजणारा माल साचला, प्राणवायू कमी झाला, बाकीचे मेले किंवा निघून गेले, की हा येतो आणि भराभर वाढतो. जेटीवर मासे साफ करून टाकलेल्या घाणीखाली तो सुखात होता. माझ्या ४,२१८ पैकी १,९०० च्या वर एकट्या कॅपिटेलाचे. मुखाकडच्या शेवटच्या ठिकाणी तो एकही नाही, उलट तिथे किडे थोडे पण तीसहून जास्त जातींचे.

मी झोकात लिहिलं: कॅपिटेला कॅपिटाटा. सगळ्या जगात प्रदूषणाची खूण म्हणून हेच नाव चालतं, मीही लिहिलं. मॅडमनी पुन्हा लाल शाईत लिहिलं, "कुठली?" मला ट्रे आठवला. ज्युडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल या जोडप्याने १९७६ साली दाखवून दिलं होतं, की ज्याला सगळे एकच कॅपिटेला कॅपिटाटा समजत होते त्यात निदान सहा जाती आहेत. दिसायला जवळजवळ एकसारख्या, पण अंड्यांचा आकार वेगळा, पिल्लं वाढवायची तऱ्हा वेगळी, आतली प्रथिनं वेगळी. म्हणजे मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही वर्षानुवर्षं सगळी सुंगटं एकाच टोपलीत टाकली होती. माझ्याकडे फॉर्मेलिनमध्ये मेलेले किडे होते. त्यांवरून सहातला कुठला हे सांगणं शक्य नव्हतं. मग मी लिहिलं, कॅपिटेला एसपी. म्हणजे आडनाव नक्की, नाव माहीत नाही. दोन महिने खपून एसपी. लिहिताना जे वाटतं ते एसपी. लिहिलेल्यांनाच कळेल.

त्यानंतर आकडेमोड. जातींची विविधता मोजायला शॅननचं सूत्र असतं, त्यात लॉगरिदम लागतो. माझं मुखाकडचं ठिकाण इतर सगळ्या प्रकाशित खाड्यांपेक्षा सरस निघालं. मी खूश. आपल्या खाडीत काहीतरी विशेष आहे असा एक उताराही लिहून टाकला. सबमिशनच्या आठ दिवस आधी नागपूरकराने माझी शीट बघून विचारलं, तू लॉग कुठल्या आधाराचा घेतलास? मी घेतला होता दोनचा, आणि ज्यांच्याशी तुलना केली त्यांनी घेतला होता नैसर्गिक. एवढ्यानेच आकडा ४४ टक्क्यांनी फुगतो. विशेष काही नव्हतं. उतारा खोडला. त्याच्या जर्नलमधले मासे मी पहिल्या सेमिस्टरला दुरुस्त करून दिले होते, त्याची त्याने फेड केली असं समजायचं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की या किड्यांचा मालवणच्या माणसाला उपयोग काय? माझं गाव त्यांनी अर्जावर वाचलं असावं. मी लेप, मुडदुशी आणि कोळंबी तळाचे किडे खातात हे सांगितलं, जेटीच्या घाणीचं सांगितलं. पुढचा प्रश्न मात्र ग्रॅबच्या क्षेत्रफळावर आला आणि मी चुकून चाळीसने गुणलं. पंचवीस, असं मॅडम खिडकीबाहेर बघत पुटपुटल्या.

पुढे काय, हे विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. आमच्यातले दोघे आंध्रात कोळंबीच्या हॅचरीत आहेत, पगार बरा आणि झोप कमी. तिघी-चौघे पर्यावरण अहवाल करणाऱ्या कंपन्यांत. तिथे किडे ओळखता येणाऱ्याला मागणी असते, फक्त छत्तीस नमुने आठ दिवसांत हवे असतात. एक बँकेत. नागपूरकर पीएच.डी. करतोय, मासे सोडून आकड्यांवर. मी एका प्रकल्पावर कामाला आहे, वर्षावर्षाने मुदत वाढते, चिखल तोच. नेट परीक्षा दोनदा दिली, एकदा तीन गुणांनी राहिली. या विषयात यायचं असेल तर समुद्र आवडतो का हे स्वतःला विचारू नका, तो सगळ्यांनाच आवडतो. सलग पाच तास न उठता बसता येतं का, ते बघा.

गेल्या ऑगस्टमध्ये घरी गेले होते. एक जून ते एकतीस जुलैची बंदी उठून थोडे दिवस झाले होते आणि बाजार भरला होता. आई लिलावातून सुंगटांची टोपली घेऊन आली आणि मला बसवून स्वतः चहा प्यायला गेली. गिऱ्हाईक नव्हतं. हात आपोआप चालायला लागले. करवतीच्या खालून नख, दात लागले तर डावीकडे, गुळगुळीत तर उजवीकडे, करवत मोडलेली मधे. आई परतली तेव्हा तिच्या पाटावर चार ढीग झाले होते. तिने चारी ढिगांकडे बघितलं.

"येगळो दर गावतलो?"

"नाय."

"मगे टाक परत एकत्र."